लाल, पांढरा आणि उशिरा आलेला निळा

जून संपत आला की अमेरिकेतल्या मराठी घरांमध्ये एक ठरलेला प्रश्न फिरायला लागतो: चार जुलैच्या पॉटलकला काय न्यायचं? शेजाऱ्यांच्या ग्रिलवर बर्गर आणि हॉटडॉग असणार, आपल्यापैकी बरेच जण ते खात नाहीत. बटाटेवडे नेले तर संपतात, पण ‘जरा तिखट आहेत हं’ हे वीस वेळा सांगावं लागतं. मग घरातलं कोणीतरी, बहुधा शाळा-कॉलेजातलं, म्हणतं की पोक केक करू या, सोपा असतो.

आणि तो खरंच सोपा असतो. पांढऱ्या केकचं तयार मिक्स आणायचं, नऊ बाय तेरा इंचांच्या ट्रेमध्ये बेक करायचं. केक जरा निवला की काट्याने त्याला अर्ध्या-अर्ध्या इंचावर भोकं पाडायची. जेलोचं एक लाल आणि एक निळं पाकीट वेगवेगळ्या भांड्यांत उकळत्या पाण्यात विरघळवायचं आणि चमच्याने त्या भोकांमध्ये सोडायचं, एक ओळ लाल, एक ओळ निळी. तीन-चार तास फ्रिजमध्ये. मग वरून कूल व्हिपचा थर, त्यावर स्ट्रॉबेरी आणि ब्लूबेरी. सुरी फिरवली की पांढऱ्या केकमधून उतरलेले लाल-निळे ओघळ दिसतात आणि मुलं ओरडतात.

हा केक बघितला की वाटतं, हे सगळं पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेलं असणार. आणि मग पुढचा प्रश्न येतो, जो तुमच्यापैकी अनेकांना कधी ना कधी पडलेला असेल: हा ‘त्यांचा’ पदार्थ आपण केला तर ते त्यांच्यात मिसळणं की नुसती नक्कल? उत्तर द्यायच्या आधी केकचे थर एकेक करून सोडवू या. प्रत्येक थराला स्वतःची तारीख आहे, आणि त्या तारखा वाटतात त्यापेक्षा बऱ्याच अलीकडच्या आहेत.

सोन्याचा वर्ख लावलेला केक

जॉन ॲडम्स यांनी ३ जुलै १७७६ ला पत्नी ॲबिगेल यांना लिहिलेलं पत्र प्रसिद्ध आहे. हा दिवस पुढच्या पिढ्या कशा साजऱ्या करतील याची त्यांनी यादीच दिली: मिरवणुका, खेळ, तोफा, घंटा, शेकोट्या, रोषणाई. (त्यांच्या डोक्यात तारीख २ जुलै होती, कारण स्वातंत्र्याचा ठराव त्या दिवशी मंजूर झाला होता.) या यादीत खाण्याचं नाव नाही.

वीस वर्षांनी, १७९६ मध्ये, अमेलिया सिमन्स या बाईंचं ‘अमेरिकन कुकरी’ हे पुस्तक हार्टफर्डमध्ये छापलं गेलं. अमेरिकन माणसाने लिहिलेलं आणि अमेरिकेत छापलेलं पहिलं पाकपुस्तक म्हणून ते ओळखलं जातं. त्याच वर्षी ऑल्बनीहून दुसरी आवृत्ती निघाली आणि तिच्यात ‘इंडिपेंडन्स केक’ आला. प्रमाण ऐका: वीस पौंड मैदा, पंधरा पौंड साखर, दहा पौंड लोणी, चार डझन अंडी, वाइन, ब्रँडी, मनुका, आणि जायफळ, दालचिनी, लवंग, जायपत्री. म्हणजे नुसता मैदाच नऊ किलो. हा घरातल्या चार माणसांचा केक नाहीच, गावजेवणाचा आहे. वरून साखरेचा थर आणि सजावटीला बॉक्स नावाच्या झुडपाची पानं आणि सोन्याचा वर्ख.

म्हणजे नोंद सापडते अशा अगदी सुरुवातीच्या देशभक्त केकमध्ये झेंड्याचे रंग नव्हतेच. त्यात मसाले होते ते आपल्या बाजूच्या समुद्रातून आलेले, आणि शोभा होती ती वर्खाची. दिवाळीच्या मिठाईच्या पेटीत आपण जे बघतो त्याच्या हा केक जास्त जवळचा.

पाकिटांचं शतक

पोक केकची गोष्ट खरी सुरू होते ती १८९७ मध्ये, न्यूयॉर्क राज्यातल्या लेरॉय नावाच्या छोट्या गावात. पर्ल वेट हे तिथले सुतार, जोडीला खोकल्याचं औषध करून विकायचे. त्यांनी जिलेटिनच्या पावडरीत साखर आणि फळांचे स्वाद मिसळले आणि त्यांच्या पत्नी मे यांनी त्याला नाव दिलं, जेलो. माल काही खपेना. दोन वर्षांनी त्यांनी सगळे हक्क गावातल्याच ऑरेटर वुडवर्ड यांना ४५० डॉलरला विकून टाकले. वुडवर्ड यांनी बायकांच्या मासिकात जाहिराती दिल्या, पाककृतींच्या पुस्तिका छापून फुकट वाटल्या, आणि काही वर्षांतच त्या पाकिटाचा धंदा लाखांवर गेला.

त्याआधी जेली हा श्रीमंतांचा पदार्थ होता. जनावरांची हाडं-पाय तासन्‌तास उकळा, गाळा, निवळू द्या. एवढं करायला घरात नोकर लागत. पाकिटाने ते काम गरम पाणी ओतण्यावर आणलं.

दुसरा थर केकच्या मिक्सचा. पिट्सबर्गच्या डफ कंपनीने १९३० च्या दशकाच्या सुरुवातीला तयार मिक्सचं पेटंट घेतलं. दुसऱ्या महायुद्धानंतर मोठ्या पिठाच्या कंपन्या उतरल्या: १९४७ मध्ये बेटी क्रॉकर, मग पिल्सबरी, मग डंकन हाइन्स. इथे एक लाडकी दंतकथा आहे, तुम्ही ऐकलीच असेल. मिक्समध्ये नुसतं पाणी घालायचं म्हणून बायकांना अपराधी वाटायचं, मग एका मानसशास्त्रज्ञाने सांगितलं की अंडं त्यांना घालू द्या, आणि विक्री वाढली. अर्न्स्ट डिक्टर या सल्लागाराचं नाव त्यात घेतलं जातं. गोष्ट छान आहे, पण तारखा जुळत नाहीत. ताजं अंडं घालण्याची कल्पना डफ कंपनीच्या १९३० च्या दशकातल्या पेटंटमध्येच आहे. लॉरा शापिरो या खाद्य-इतिहासकार दाखवतात की १९५० च्या दशकात मिक्सला खरी उभारी मिळाली ती सजावटीमुळे. केक पाकिटातला असू द्या, पण वरचं आयसिंग, आकार, रंग तुमचे, असं जाहिराती सांगू लागल्या. घरच्या बाईचं कौशल्य पिठातून उचलून सजावटीवर ठेवलं गेलं.

तिसरा थर १९६६ चा: कूल व्हिप. फ्रीजरमध्ये टिकणारं, फेटावं न लागणारं, क्रीमसारखं काहीतरी. ते ज्या विल्यम मिचेल यांनी शोधलं त्यांच्याच नावावर टँग आहे आणि जिभेवर तडतडणारे पॉप रॉक्सही. हे रसायनतज्ज्ञ जनरल फूड्स कंपनीत होते, आणि जेलोही तोवर त्याच कंपनीकडे आलं होतं.

आता सगळे पत्ते एका हातात आहेत. १९६० च्या दशकाच्या अखेरीनंतर जेलोचा खप उतरू लागला. रोज रात्री जेवणानंतर जेली थापायला बायकांना वेळ नव्हता, त्या नोकऱ्या करत होत्या. मग १९७० च्या दशकात जेलोच्या जाहिरातींमध्ये पोक केक दिसू लागतो: मिक्सचा केक, त्यात जेलो, वर कूल व्हिप. एका केकमध्ये कंपनीची दोन पाकिटं खपतात. आणि घरच्या माणसाच्या वाट्याला काय उरतं? काट्याने भोकं पाडणं. तेवढं स्वतःच्या हाताने केलेलं असतं, म्हणून तो ‘आमच्या घरचा’ केक होतो.

मला यात कुत्सितपणे हसण्यासारखं काही वाटत नाही. कारण याच गोष्टीची दुसरी बाजू अशी की हा पदार्थ करायला आजी याच देशातली असावी लागत नाही. कृती पाकिटाच्या मागे छापलेली आहे. काल विमानातून उतरलेला माणूसही तो आज करू शकतो, आणि तो तीन पिढ्या ओहायोत राहिलेल्या घराइतकाच अस्सल होतो. आपल्या उकडीच्या मोदकाबद्दल असं म्हणता येईल का? तिथे कळ्या पाडायला कोणीतरी शेजारी बसवून शिकवावं लागतं.

निळा कुठून आला?

रंगांची गोष्ट आणखी गमतीची आहे. लाल सोपा होता, फळांतही असतो, किड्यांतही. निळा खाद्यपदार्थ मात्र निसर्गात जवळपास नाहीच. ब्लूबेरी शिजवून बघा, जांभळा रंग येतो.

एकोणिसाव्या शतकात डांबरापासून कृत्रिम रंग निघाले आणि लोणी, मिठाई, लोणची सगळीकडे ते घातले जाऊ लागले. त्यातले काही विषारी होते. १९०६ मध्ये अमेरिकेत शुद्ध अन्नाचा कायदा झाला आणि १९०७ मध्ये फक्त सात रंगांना परवानगी मिळाली. त्यात निळा एकच, निळीच्या कुळातला. तरीही निळं खाणं लोकांच्या ताटात यायला बराच वेळ लागला. १९५५ मध्ये कॅन्सस सिटीत ‘बॉम्ब पॉप’ हे लाल-पांढरं-निळं आइसकँडीचं रॉकेट निघालं. १९७० च्या दशकात ‘ब्लू रास्पबेरी’ नावाचा, कुठल्याही झाडाला न लागणारा स्वाद पसरला.

आणि १९७६ बघा. देशाच्या स्वातंत्र्याला दोनशे वर्षं, जिकडेतिकडे झेंडे. त्याच वर्षी सरकारने तेव्हा सगळ्यात जास्त वापरल्या जाणाऱ्या लाल रंगावर, रेड नंबर दोनवर, बंदी घातली, कारण प्राण्यांवरच्या चाचण्यांतून कर्करोगाची शंका निर्माण झाली होती. एम अँड एम्सच्या गोळ्यांत तो रंग नव्हताच, तरी लोक घाबरतील म्हणून मार्स कंपनीने लाल गोळीच काढून टाकली. ती १९८७ मध्ये परत आली. निळी गोळी तर १९९५ मध्ये आली, तीही लोकांचं मतदान घेऊन.

निळ्या रंगाचं जेलो बाजारात आलं ते १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला. म्हणजे दुकानातल्या दोन पाकिटांचा लाल-पांढरा-निळा पोक केक हा फार तर तुमच्या मोठ्या भावंडांच्या वयाचा आहे. ‘परंपरा’ हा शब्द वापरायचा तर एवढं लक्षात ठेवून.

टेबलावर कोण बसलंय

पण पाकीट सगळ्यांसाठी उघडं होतं म्हणजे देशही होता, असं नाही.

जेलोचं गाव लेरॉय हे रॉचेस्टर शहरापासून साधारण चाळीस किलोमीटरवर आहे. त्याच रॉचेस्टरमध्ये, जेलोच्या जन्माच्या पंचेचाळीस वर्षं आधी, ५ जुलै १८५२ ला फ्रेडरिक डग्लस यांनी भाषण केलं. गुलामीतून पळून आलेला हा माणूस गोऱ्या श्रोत्यांना विचारत होता की तुमच्या या सणाचा गुलामांशी संबंध काय. तारीख पाच असण्यालाही पार्श्वभूमी आहे. न्यूयॉर्क राज्यातली गुलामगिरी ४ जुलै १८२७ ला संपली, तरी तिथले काळे लोक नंतर कित्येक वर्षं मिरवणूक पाच तारखेला काढत.

आता विसाव्या शतकाच्या सुरुवातीला या. जेलोच्या पुस्तिका स्थलांतरितांच्या भाषांतही छापल्या जात होत्या, यिडिश त्यातली एक. नवीन आलेल्या बाईला कंपनी सांगत होती, हे घे, आता तूही अमेरिकन गृहिणी. त्याच काळात, फेब्रुवारी १९२३ मध्ये, सर्वोच्च न्यायालयाने भगतसिंग थिंद यांना सांगितलं की तुम्ही ‘गोरे’ नाही, म्हणून नागरिक होऊ शकत नाही. थिंद पहिल्या महायुद्धात अमेरिकेच्या सैन्यात होते. त्यांचे वकील होते सखाराम गणेश पंडित, जे स्वतः १९१४ मध्ये नागरिक झाले होते. निकालानंतर सरकारने अनेक भारतीयांचं नागरिकत्व काढून घ्यायला सुरुवात केली, पंडितांचंही. ते मात्र लढले आणि जिंकले. भारतीयांना नागरिक होण्याचा रस्ता कायद्याने पुन्हा उघडला तो २ जुलै १९४६ ला, आणि प्रवेश वर्षाला जेमतेम शंभर जणांना. मोठा दरवाजा उघडला १९६५ च्या कायद्याने.

गिऱ्हाईक म्हणून स्वागत आणि नागरिक म्हणून स्वागत या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिली फार लवकर मिळते. १९६५ नंतर आलेले मराठी डॉक्टर, इंजिनिअर आणि त्यांच्या घरच्या बायका नेमक्या पोक केकच्या दशकात अमेरिकन स्वयंपाकघरांत पोचल्या. त्यांना तो केक सहज जमला. मतदानाचा हक्क मिळायला मात्र आधी ग्रीन कार्ड आणि मग आणखी काही वर्षं लागली. तुमच्यातले जे आज व्हिसाच्या रांगेत आहेत त्यांना हे समजावून सांगायला नको.

पाकिटातलं डुक्कर

आणि आपल्या लोकांसाठी पाकीटही पूर्ण उघडं नव्हतं. जिलेटिन म्हणजे डुकराच्या कातडीतून किंवा गाईबैलांच्या कातडी-हाडांतून काढलेलं प्रथिन. कित्येक शाकाहारी घरांना हे बरंच उशिरा कळलं, कारण पाकिटावर तर फक्त स्ट्रॉबेरीचं चित्र. या अडचणीत आपण एकटे नव्हतो. ज्यू धर्मगुरूंमध्ये विसाव्या शतकात यावर अनेक दशकं वाद झाला: इतकी प्रक्रिया झाल्यावर ते अजून डुक्कर राहतं का, की नवीनच पदार्थ होतो? मुस्लिम घरांपुढेही हाच प्रश्न होता.

आपल्याकडे उत्तर आधीपासून होतं: चायना ग्रास. समुद्रशेवाळातून निघणारं अगर-अगर. फक्त त्याचा स्वभाव वेगळा. जिलेटिन ३५ अंश सेल्सियसच्या आसपास वितळतं, म्हणून तोंडात टाकताच विरघळतं, आणि म्हणूनच जुलैच्या उन्हात अंगणातल्या टेबलावर ओघळतंही. अगर नीट विरघळायला उकळावं लागतं, आणि चाळीस अंशांच्या खाली आलं की फ्रिजशिवायही घट्ट होतं. एकदा घट्ट झालं की उन्हाला दाद देत नाही. पोक केकसाठी याचा अर्थ असा: एक कप रसाला अर्धा छोटा चमचा पावडर, दोन मिनिटं खळखळून उकळायचं, आणि गरम असतानाच भोकांत सोडायचं. रेंगाळलात तर भांड्यातच वडी तयार.

झेंडा कापावा का?

एक आक्षेप घरातली मोठी माणसं हमखास घेतात: झेंडा काय कापून खायचा? अमेरिकेच्या १९४२ च्या ध्वजसंहितेत म्हटलंय की झेंडा कागदी नॅपकिनवर किंवा वापरून फेकायच्या वस्तूवर छापू नये. पण त्यासाठी शिक्षा कोणी करत नाही, आणि चार जुलैला दुकानात सगळ्यात जास्त खपतात ते झेंड्याचेच नॅपकिन.

भारतात कायदा कडक आहे, म्हणून १५ ऑगस्टला मंडळात तिरंगी केक कापायचा की नाही यावर वाद होतात. हा प्रश्न खरोखरच कोर्टात गेला. २०१३ च्या नाताळात कोइमतूरमध्ये सहा फूट बाय पाच फुटांचा तिरंगा आणि अशोकचक्र असलेला केक कापला गेला आणि कोणीतरी तक्रार केली. मार्च २०२१ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती आनंद व्यंकटेश यांनी ठरवलं की हा अपमान होत नाही. कृतीमागचा हेतू काय आणि जमलेल्या लोकांच्या मनात कोणती भावना होती, हे बघायला हवं, असं त्यांचं म्हणणं. हा निकाल केक करणाऱ्यांनी जवळ ठेवावा असा आहे.

पोक केक तसाही झेंडा नसतो. त्यात पट्टे सरळ येत नाहीत, तारे नसतात, लाल निळ्यात मिसळून कुठेकुठे जांभळं होतं. रंग तेवढे ओळखीचे.

यंदाचा निळा

२०२६ च्या ४ जुलैला अमेरिकेच्या स्वातंत्र्याला २५० वर्षं होतात, आणि पुन्हा एकदा नेमके रंगच बदलताहेत. २०२५ च्या जानेवारीत रेड नंबर तीनवर बंदी जाहीर झाली. जूनमध्ये क्राफ्ट हाइन्झने, आज जेलो ज्यांच्याकडे आहे त्या कंपनीने, सांगितलं की २०२७ संपेपर्यंत अमेरिकेतल्या त्यांच्या मालातून कृत्रिम रंग जातील. मग निळा कुठून आणायचा? सरकारने मान्यता दिलेल्या पर्यायांत एक नाव बघून मी खुर्चीत सरळ बसले: बटरफ्लाय पी. म्हणजे आपली गोकर्ण. कोकणात कुंपणावर चढते, देवाला वाहतात, ती. २०२१ मध्ये तिच्या अर्काला खाद्यरंग म्हणून परवानगी मिळाली आणि मे २०२५ मध्ये ती आणखी पदार्थांपर्यंत वाढवली.

तेव्हा केक असा करता येईल. लाल ओळींसाठी स्ट्रॉबेरी शिजवून गाळलेला रस. निळ्या ओळींसाठी वाळलेली गोकर्णीची फुलं, एशियन दुकानात चहाच्या कपाटात मिळतात, गरम पाण्यात दहा मिनिटं. त्यात साखर आणि थेंबभर व्हॅनिला घाला, पण लिंबू चुकूनही नाही, आंबट लागलं की हा रंग जांभळा होतो. दोन्ही रस वेगवेगळे चायना ग्रासबरोबर उकळा आणि गरम असतानाच ओता. अंडं नको असेल तर मिक्सच्या पाकिटावर लिहिलेल्या अंड्यांऐवजी दही चालतं. केक जरा दडस होतो, पण पोक केकला तेच बरं, भोकं नीट उभी राहतात.

हा केक नेलात तर त्याला ‘इंडियन व्हर्जन’ म्हणायची गरज नाही. १७९६ मध्ये त्यात जायफळ होतं, १९७० च्या दशकात कूल व्हिप आलं, १९९० च्या दशकात निळं पाकीट. प्रत्येक वेळी ज्याच्या हातात ट्रे होता त्याने जवळ होतं ते घातलं. फक्त ट्रेला एक चिठ्ठी चिकटवा: ‘यात जिलेटिन नाही.’ त्या टेबलाभोवती अशी चिठ्ठी शोधणारं तुमच्याखेरीज आणखी कोणीतरी नक्की असेल.